साडेसात हजारांची ऑफर

धंतोली, नागपूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काटोलात बातमी माझ्याआधी पोचली म्हणे. "पोट्टी दुबईले चालली, साडेसात हजार दिरहम पगार!" असं काकू गल्लीभर सांगतात. मी अजून कुठेच सही केलेली नाही. आणि साडेसात हजारांची ती ऑफर तर मी घेणारच नाही.

बाबा, गांधीबागेत दुकानासाठी औषधांचा माल घेताना तुम्ही कधी एमआरपी पाहिली? नेट रेट काय पडतो, तेवढंच विचारायचात. इथंही तेच. पहिली ऑफर मेडिकल दुकानांच्या एका साखळीची. एकूण ७,५००, पण बेसिक फक्त ३,०००. बाकी भत्ते, आणि खोली आपली आपण शोधायची. तिथल्या मैत्रिणीनं शेअरिंगमधल्या खोलीचं भाडं १,८०० सांगितलं. म्हणजे खाण्यापिण्याआधीच उरले ५,७००. दुसरी ऑफर हॉस्पिटलच्या फार्मसीची. एकूण ६,५००, त्यात बेसिक ४,५००, आणि राहायची सोय त्यांचीच.

बेसिक एवढ्यासाठी बघायचा की तिथं ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, त्याच्यावरच निघते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. पाच वर्षांनी पहिल्या ठिकाणी १०,५०० दिरहम होतात, दुसरीकडे १५,७५०. ओव्हरटाइमसुद्धा बेसिकवरच मोजतात. पगारावर तिथं आयकर नाही, त्यामुळे कापाकापीचा हिशोब करावा लागत नाही.

शिवाय पहिलीकडे विक्रीचं टार्गेट आहे. व्हिटॅमिनच्या बाटल्या गळ्यात मारा आणि इन्सेंटिव्ह घ्या. तुम्ही गिऱ्हाइकाला "टॉनिक काहून घेता, दोन वेळ नीट जेवा" म्हणून परत पाठवायचात. (आई तेव्हा चिडायची, तेही आठवतं.) मला ते टार्गेट जमणार नाही.

एजंट व्हिसाचे म्हणून पैसे मागत होता. भरतीचा खर्च तिथल्या कायद्यानं मालकावर आहे, त्यामुळे त्याला सरळ नाही म्हटलं. हॉस्पिटलनं तो खर्च करारातच घातलाय. आता फक्त ड्यूटीचे तास लेखी यायचे आहेत. सकाळी चार तास, मग संध्याकाळी चार अशी तोडून ड्यूटी लावली, तर अख्खा दिवस त्यातच जातो. सलग आठ तास लिहून आले की सही करते.

आई, तू विचारलंस, इथं काय कमी आहे? पगार कमी आहे गं, बाकी काही नाही. वर्षाला ३० दिवस सुट्टी मिळेल, ती संत्र्यांच्या आंबिया बहाराच्या तोडणीला घ्यायचा विचार आहे.

लायसन्सची परीक्षा झाली, राहिलं डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के. आधी राज्याचं, मग दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचं, शेवटी यूएईच्या वकिलातीचं. मूळ डिग्री तुमच्या कपाटात आहे, ती रविवारी येऊन घेऊन जाईन. बाबा, जपून राहावी म्हणून लॅमिनेट करायला नेऊ नका, शिक्के मागच्या बाजूला बसतात.

तुमची
मनू