‘एल्स’मध्ये कोण जाते, हेही शिकवा

महोदय,

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषा शिकवल्या जातात. त्यांतील इफ-एल्स, म्हणजे ‘अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी सशर्त विधाने विद्यार्थ्यांना सोपी वाटतात. तरीही हा भाग आपण अर्धाच शिकवतो, असे या विषयाचा शिक्षक म्हणून मला ठामपणे वाटते. अट खरी ठरली तर काय होईल, यावर आपला सारा भर असतो. ती खरी न ठरल्यामुळे एल्सच्या वाट्याला कोण कोण जाते, याची चर्चा वर्गात फारशी होत नाही.

नेहमीचे उदाहरण घेऊ. गुण ३५ किंवा अधिक असतील तर ‘उत्तीर्ण’, एल्स ‘अनुत्तीर्ण’. फळ्यावर हे निर्दोष दिसते. पण संगणक एल्सकडे वळतो तो विद्यार्थ्याला गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अट खरी ठरली नाही एवढ्याच कारणाने. गुणांची चौकट रिकामी राहिली, तर जावास्क्रिप्ट तुलना करताना त्या रिकाम्या मजकुराचे शून्य करते आणि ज्याचे गुण भरायचेच राहिले, तो अनुत्तीर्ण ठरतो. कोणी देवनागरी अंकांत ‘४२’ लिहिले, तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानतच नाही. त्याचे रूपांतर नॅन (‘संख्या नव्हे’) या मूल्यात होते, आणि नॅन हे कोणत्याही संख्येपेक्षा लहानही ठरत नाही, मोठेही ठरत नाही. म्हणजे उत्तीर्ण झालेला विद्यार्थी केवळ आपल्या लिपीत अंक लिहिले म्हणून नापास होतो, आणि काही बिनसले आहे अशी कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही! पायथॉन या दुसऱ्या संगणक भाषेत मात्र मजकुराची पूर्णांक संख्या करणारे इंट हे फंक्शन तेच देवनागरी अंक वाचून बिनचूक ४२ देते. उद्या मराठी अर्ज आणि मराठी संकेतस्थळे तयार करणाऱ्या मुलांना हा फरक शाळेतच कळायला हवा.

पीएचपीचा अनुभव याहून बोलका आहे. गैरहजर विद्यार्थ्याच्या नावापुढे गुणांऐवजी ‘एबी’ ही रोमन अक्षरे लिहिली आणि त्यांची ३५ शी तुलना केली, तर पीएचपीच्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्या अक्षरांचे शून्य होई आणि विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीने हा नियम बदलला. आता अशा वेळी ३५ चाच मजकूर केला जातो, दोन्ही मजकुरांची अक्षरक्रमाने तुलना होते, आणि रोमन अक्षरे अंकांच्या नंतर येत असल्याने परीक्षेला न बसलेला विद्यार्थी चक्क उत्तीर्ण ठरतो. प्रोग्राममधली एकही ओळ न बदलता निकाल उलटतो. दोन्ही निकाल चुकीचेच आहेत, कारण ‘गैरहजर’ ही तिसरी शक्यता लिहिणाऱ्याने अटीत धरलेलीच नव्हती.

अटींचा क्रमही असाच दुर्लक्षित राहतो. विशेष प्रावीण्य ७५, प्रथम श्रेणी ६०, द्वितीय श्रेणी ४५ आणि उत्तीर्ण ३५ अशी उतरती साखळी हवी. ३५ ची अट आधी लिहिली, तर ९० गुणांचा विद्यार्थीही तिथेच अडतो आणि पुढच्या अटींपर्यंत पोहोचत नाही.

तासिका कमी असतात, प्रात्यक्षिकासाठी संगणक पुरत नाहीत, या अडचणी खऱ्या आहेत. पण मी सुचवतो त्याला नवा धडा लागत नाही. आलेले मूल्य रिकामे आहे का, ते संख्या आहे का आणि ० ते १०० मध्ये बसते का, हे आधी तपासावे. त्यात न बसणाऱ्या प्रत्येक नोंदीसाठी ‘गुण पुन्हा तपासा’ अशी स्वतंत्र शाखा ठेवावी. आणि ‘अनुत्तीर्ण’ हा निर्णय एल्सवर न सोडता गुण ३५ पेक्षा कमी असल्याची अट स्पष्ट लिहून द्यावा, एवढी सवय पहिल्याच उदाहरणापासून लावता येईल. शिष्यवृत्ती, प्रवेश, शिधापत्रिका अशा कामांचे अर्ज आज संगणकाच्या अटींतूनच पुढे सरकतात, आणि त्या अटी लिहिणारे हात आपल्याच वर्गांत तयार होत आहेत.

मंडळाने प्रश्नपत्रिकेत ‘खालील प्रोग्राममध्ये कोणती मूल्ये दिल्यास निकाल चुकीचा येईल?’ अशा स्वरूपाचा किमान एक प्रश्न दरवर्षी ठेवावा, अशी माझी विनंती आहे. परीक्षेत विचारले जाते ते वर्गात शिकवले जाते, हे आपण सारेच जाणतो.

— कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक, सातारा