ते चामडं नव्हे, सुती कापड

महोदय,

नवी पेठेतल्या एका वकिलांच्या घरच्या, लोखंडी नळ्यांच्या जुन्या आरामखुर्चीची बातमी आपल्या रविवारच्या अंकात फोटोसकट वाचली. गंज कसा काढला, क्रोमियम कसं चढवलं, सगळं बरोबर. फक्त 'मूळचे चामडे काढून नवे बसवले' हे चूक. ते कापड आहे, आणि ते मी विणलंय.

मूळचंही कापडच होतं. पाठीच्या पट्टीच्या शिवणीत चार बोटं तुकडा अडकून राहिला होता, तो घेऊनच वकिलांची मुलगी माझ्याकडे आली. ती आर्किटेक्चर शिकते. मार्सेल ब्रॉयर या फर्निचर घडवणाऱ्या डिझायनरने सायकलचं हँडल पाहून १९२५-२६ मध्ये जर्मनीत नळ्यांची खुर्ची केली, तिला असंच कापड होतं म्हणाली. तिकडे त्या दोऱ्याला 'लोखंडी दोरा' म्हणतात. लोखंड त्यात नावालाही नाही. सुताला खळ आणि मेण पाजायचं नि घासून चकाकी आणायची. तिथल्याच देसाऊ शहरातल्या बाउहाउस या कला-कारागिरीच्या शाळेत मार्गारेटा रायशार्ट या विणकर बाईंनी ते सुधारून खुर्चीजोगं कापड तयार केलं. खुर्ची म्हटली की ब्रॉयरच. बाईंचं नाव मीही पहिल्यांदाच ऐकलं. चामड्याचा थाट १९६० नंतरचा, इटलीतल्या कारखान्याने त्या खुर्च्या पुन्हा काढल्या तेव्हाचा.

आता आमचं. चाळीस वर्षं चादरी विणल्या, म्हटलं हातभर पट्टी ती काय! पण एप्रिलचं सोलापूर. अकरा वाजले की मेण पाघळायचं, मागाच्या फणीच्या दातांत बसायचं, आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पटापट तुटायचे. एक ताणा अख्खा टाकून दिला. मग मेण निम्मं केलं, खळ वाढवली आणि पहाटे पाचला मागावर बसू लागलो. घरची मंडळी कांड्या भरता भरता हसायची, एका खुर्चीसाठी एवढं! पट्टी उतरली तेव्हा नखाने वाजवली तर टकटक आवाज आला. वकीलसाहेब हौसेने बसले आणि पांढऱ्या पायजम्यावर मेणाचा डाग घेऊन उठले, हेही कबूल करतो. नंतर फडक्याने घासून घासून ते थांबवलं.

तरी दुरुस्ती छापावी. उरलेलं दीड हात कापड माझ्याकडे आहे. बातमीदारांनी येऊन हात लावून बघावं. सकाळी यावं, दुपारी माग बंद असतो.

– एक हातमाग विणकर, साखर पेठ, सोलापूर