आदेश पाळला, पण कसा पाळला ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फक्त कॉलिंगचे पॅक बाजारात येऊन बराच काळ झाला, पण माझ्याकडे रिचार्ज मारायला येणाऱ्या बहुतेकांना असा काही पॅक असतो हेच माहीत नाही, आणि यात लोकांची काही चूक नाहीये, त्यांना कळूच नये अशी सगळी मांडणी आहे, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी तालुक्याच्या गावात रिचार्ज आणि मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, त्यामुळे कंपनीची जाहिरात एक बोलते आणि काउंटरवर काय होतं हे रोज बघतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम काढला की ज्यांना नेट लागत नाही त्यांच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवा. देशात तेव्हा साधारण १५ कोटी लोक साधा बटनाचा फोन वापरत होते असं ट्रायचंच म्हणणं होतं. त्यातल्या कितीतरी जणांच्या गळ्यात नेटवाला पॅक मारला जायचा, जो वापरायला त्यांच्या फोनमध्ये काही सोयच नाही. कंपन्यांचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं, कॉल तर आम्ही अनलिमिटेड देतोच आहोत, आणि असे पॅक काढले तर लोक नेटकडे वळणार कसे, देश डिजिटल होणार कसा. आता ऊस तोडायला आलेल्या माणसाला गावाकडे पोरांशी बोलायचंय, त्याच्या खिशातून देश डिजिटल करायचा हा कुठला न्याय?

तरी नियम होता, त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. कसे आले ते बघा. एअरटेलचा ८४ दिवसांचा ५०९ चा पॅक होता, त्यात ६ जीबी नेट होतं. ते नेट काढून टाकलं आणि पॅक ४९९ ला आणला, म्हणजे नेट गेलं आणि १० रुपये वाचले! ओरड झाली, ट्राय म्हणालं आम्ही तपासतो, आणि काही दिवसांतच तोच पॅक ४६९ झाला. जिओनेही आधी लावलेले दर असेच थोडे खाली आणले. मग आधीचा दर कुठल्या हिशोबाने लावला होता हे कोणी विचारायचं नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. हे पॅक आले ते ८४ दिवसांचे, नाहीतर थेट वर्षभराच्या आसपासचे. महिन्याचा नाही. ४६९ भागिले ८४ केलं तर दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास पडतात, आणि त्याच वेळी २८ दिवसांचा साधा पॅक होता १९९ चा, त्याचे दिवसाला सात रुपये. म्हणजे ज्याच्याकडे एकदम पावणेपाचशे आहेत त्याला स्वस्त आणि ज्याचा शनिवारच्या शनिवार पगार होतो, जो दोनशेची नोट सुद्धा दोनदा मोजून देतो, त्याला महाग. ज्याच्यासाठी नियम काढला तोच बाहेर राहिला, आणि कंपनीला विचारा तर म्हणणार, दिलाय की पॅक, नियमात कुठे लिहिलंय महिन्याचाच द्या म्हणून.

मला राग नेमका याचा येतो. सरळ नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. या कंपन्या नाही म्हणतच नाहीत, आदेशातलं अक्षर न् अक्षर पाळतात आणि त्याचा हेतू तेवढा बाजूला काढून ठेवतात.

२८ दिवसांचंही तेच. महिना ३० किंवा ३१ दिवसांचा, पगार महिन्याने, घरभाडं महिन्याने, लाईटबिल महिन्याने, फक्त मोबाईलचा महिना २८ दिवसांचा. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४, वर्षाला एक रिचार्ज जास्तीचा. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं की प्रत्येक प्रकारात निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवा. 'निदान एक' म्हटलं ना, मग झालं. ॲप उघडा, वरच्या ओळीत २८ आणि ८४ वालेच दिसतील, ३० वाला शोधायला खाली खाली जावं लागतं. आम्ही दुकानदार तरी काय वेगळं करतो म्हणा, गर्दी असली की सगळ्यात जास्त जाणारा पॅकच मारून मोकळे होतो, कमिशनही एवढं तुटपुंजं आहे की प्रत्येकाला तक्ता समजावत बसणं परवडत नाही.

नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय, जिला आपण पोर्ट मारणं म्हणतो, तिचा इतिहास आठवतोय का कोणाला? ट्रायने शिफारस केली मार्च २००६ मध्ये, हरियाणात सुरू झालं नोव्हेंबर २०१० मध्ये आणि देशभर २० जानेवारी २०११ ला. जवळजवळ पाच वर्षं तारीख पे तारीख. ग्राहक सहज सुटून जाऊ नये यात कुणाकुणाचा फायदा होता हे सांगायला नको.

भाचा टेलिकॉम इंजिनिअरिंगला आहे, त्याने अमेरिकेतला एक किस्सा सांगितला. तिकडे फोनच्या तोंडावर बसवायचा एक साधा कप निघाला होता, हश-अ-फोन नावाचा, बाजूच्याला आपलं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. एटी अँड टी कंपनी म्हणाली, आमच्या फोनला बाहेरची वस्तू लावायची नाही, आणि प्रकरण कोर्टात गेलं, १९५६ मध्ये निकाल कपवाल्याच्या बाजूने लागला. एका कपासाठी एवढं! म्हणजे हे दुखणं काही फक्त आपल्याकडचं नाही.

नवा खेळाडू आला की मात्र सगळं पटापट होतं, हे मान्य करावं लागेल. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदावर बिलिंग आणलं आणि बघता बघता बाकीच्यांनाही ते जमलं. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा जुन्या कंपन्या जिओचे कॉल जोडून घ्यायला पुरेशा लाइनी देईनात, ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांवर मिळून ३,०५० कोटी दंडाची शिफारस केली होती. पण तोच नवा खेळाडू मोठा झाला आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांचे दर एक-दोन दिवसांच्या फरकाने वाढले तेव्हा त्यातही तो होताच. स्पेक्ट्रमचा पैसा, फाइव्ह-जीचे टॉवर, सरकारला द्यायची थकबाकी, खर्च आहेत हे कळतं. दर वाढवा, सरळ सांगून वाढवा. पण नको असलेलं नेट बांधून कशाला विकता?

माझं ट्रायला एवढंच म्हणणं आहे की 'निदान एक पॅक द्या' असं लिहून सोडू नका. नुसत्या कॉलचा पॅक ३० दिवसांचाही हवा, त्याचा रोजचा दर ८४ दिवसांच्या पॅकपेक्षा किती टक्के जास्त असू शकतो याला मर्यादा हवी, आणि बटनाच्या फोनवर पॅक संपल्याचा जो मेसेज येतो त्यात हा पॅक पहिला आणि मराठीत दिसला पाहिजे. आमच्या दुकानांत लावायला छापील दरपत्रकही द्या, भिंत माझी, चिकटवतो मी.

आपला,
एक रिचार्ज दुकानदार, जि. सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, डिस्ट्रिब्युटरशी रोज काम पडतं.)