टॅबवरची उत्तरं वाचणार कोण?

महोदय,

दवाखान्यात नंबर लागेपर्यंत हातात टॅब देऊन सिगारेट, दारू, जुगार, व्यायाम, चिंता, नैराश्य यांविषयीची प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत मला मनापासून पटते. म्हणूनच तक्रार करतो आहे.

मी गुडघा दाखवायला गेलो होतो. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का, या प्रश्नावर बोट बराच वेळ अडलं. शेजारच्या गृहस्थांना दिसू नये म्हणून टॅब तिरका धरला आणि ‘जवळजवळ रोज’वर बोट टेकवलं. डॉक्टरांनी तोंडावर विचारलं असतं, तर ‘बरं चाललंय’ म्हणून मोकळा झालो असतो. टॅबला खरं सांगितलं. आत गेल्यावर गुडघा तपासला, गोळ्या मिळाल्या, पुढचा नंबर पुकारला. माझी उत्तरं कुणी उघडलीच नव्हती. घरच्यांच्या लक्षात यायला आणखी सात महिने गेले.

नैराश्य चाचपणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत 9 प्रश्न आणि जास्तीत जास्त 27 गुण असतात. 10 किंवा अधिक गुण म्हणजे निदान नव्हे, नीट विचारपूस करायची खूण. पण नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मेलेलं बरं अशा विचारांचा आहे. बेरीज कमी असली तरी तिथे ‘हो’ आलं, तर रुग्ण दवाखान्याबाहेर पडण्याआधी ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. संगणकाला हे काम अवघड नाही.

न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘ई-चॅट’ या अशाच टॅबवरच्या प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न असतो: यासाठी मदत हवी आहे का? आज, की नंतर कधी? तिथल्याच फॅमिली डॉक्टरांकडे झालेल्या 2005 च्या अभ्यासात नैराश्याच्या दोन प्रश्नांना मदतीच्या प्रश्नाची जोड दिली, तेव्हा नैराश्य नसलेल्यांवर उगाच संशय येण्याचं प्रमाण घटलं. मला तर तो प्रश्न माणुसकीचाही वाटतो. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला आजच उपदेश नको असतो.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना नर्सने आडोशाला प्रश्न वाचून दाखवावेत. सोबतच्या नातेवाइकाने नव्हे, कारण घरातल्या मारहाणीचाही प्रश्न त्यात असू शकतो.

टॅब ठेवणाऱ्या दवाखान्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रुग्ण आत येण्याआधी त्याची उत्तरं डॉक्टरांच्या समोर असू द्या, आणि ‘आज’ म्हणणाऱ्यासाठी त्याच भेटीत थोडा वेळ काढा.

– एक वाचक