जुन्या पिकअपसाठी म्हणून विकलेली पॉवर सीट आणि तुमच्या तांत्रिक मदत केंद्राचा जीवघेणा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पॉवर बकेट सीटच्या जोडीचे पैसे परत मिळण्याबाबत व चुकीच्या तांत्रिक सल्ल्याबाबत तक्रार

महोदय,

आपल्या तांत्रिक मदत केंद्रातील गृहस्थांनी आज दुपारी माझे बोलणे पुरे होण्याआधीच फोन ठेवला. त्यामुळे यापुढे जे काही उत्तर द्यायचे असेल ते लेखी द्यावे, फोनवर मी या विषयावर बोलणार नाही.

माझी गाडी 1996 सालची टाटामोबाइल 206 पिकअप आहे. मणक्याचे ऑपरेशन झाल्यानंतर कंबरेला आधार देणारी आणि उंची व कल बदलता येणारी सीट असल्याशिवाय गाडी चालवू नका, असे डॉक्टरांनी बजावले, म्हणून आपल्याकडून पॉवर बकेट सीटची, म्हणजे मोटरवर हलणाऱ्या एकेका माणसाच्या सुट्या सीटची, जोडी मागवली. पैसे भरण्याआधी मी गाडीचे मॉडेल, साल, केबिनच्या तळाचे फोटो आणि जुन्या सलग सीटच्या बोल्टच्या भोकांची मापे आपल्याला मेलने पाठवली होती. त्यावर आपल्या विक्री विभागाचे उत्तर आले, ते माझ्याकडे जपून ठेवलेले आहे: ‘फक्त 12 व्होल्ट आणि अर्थ द्या, सीट चालू होईल.’ (अर्थ म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाची जोडणी.) या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी पूर्ण रक्कम आगाऊ भरली.

सीट बसवली, जोडणी केली, बटण दाबले आणि काहीही हलले नाही. सांगलीतील माझ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सीटखालच्या मुख्य कपलरवर (तारा जोडण्याच्या प्लगवर) मल्टिमीटर लावला, तेव्हा बटण दाबलेले असतानाही तिथे पूर्ण 12 व्होल्ट मिळत होते आणि अर्थही पक्का होता. मग त्याने पुढे-मागे सरकवणाऱ्या मोटरचा कपलर काढला आणि तिच्या दोन जाड तारांना फ्यूज घालून थेट बॅटरीचा करंट दिला. सीट विनातक्रार पुढे सरकली. तारा उलट्या केल्या, तशी ती मागे आली. म्हणजे मोटर चांगली, गाडीचा करंट चांगला आणि तरीही बटणावर सीट हलत नाही. याचे कारण आपल्या कारखान्यात कोणाला ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. आपण पाठवलेली सीट मेमरीवाली, म्हणजे ठरवून दिलेली बैठक लक्षात ठेवणारी आहे. साध्या पॉवर सीटमध्ये बटण स्वतःच मोटरला करंट देते आणि उलटा करते, मेमरीच्या सीटमध्ये मात्र ते काम सीटखालचा मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा डबा) करतो, आणि आपल्या मॉड्यूलला गाडीच्या संगणकाकडून संदेश आल्याशिवाय तो मोटर फिरवत नाही. 1996 सालच्या डिझेल पिकअपमध्ये असा संगणक नाही. हे ऑर्डर घेताना आपल्या लोकांना माहीत होते, कारण गाडीचे साल मी कळवलेलेच होते.

आता आजच्या फोनविषयी. वरील सगळी तपासणी मी त्या गृहस्थांना क्रमाने सांगितली. त्यांचे पहिले उत्तर होते, ‘काका, बॅटरी उतरली असेल.’ मी म्हटले, कपलरवर 12 व्होल्ट येत आहेत आणि त्याच बॅटरीवर मोटर फिरली आहे. त्यावर ते म्हणाले, ‘मग वायरिंग जुनं झालं असेल.’ मी म्हटले, सीटची तार गाडीच्या जुन्या वायरिंगमधून घेतलेलीच नाही, ती बॅटरीपासून स्वतंत्र आणली आहे. मग क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘काका, एवढ्या जुन्या गाडीला एवढी भारी सीट कशाला लावता? गाडीच बदलून टाका ना.’ मी आवाज न चढवता विचारले की या सीटला संगणकाचा संदेश लागतो की नाही, एवढे फक्त हो किंवा नाही सांगा. त्यांनी ते सांगितले नाही. उलट म्हणाले, ‘तिथे एक पिवळा कपलर असेल बघा, त्याला पण करंट देऊन बघा.’

इलेक्ट्रिशियन माझ्या शेजारीच उभा होता आणि फोन स्पीकरवर होता. ते वाक्य ऐकताच त्याने हातातला टेस्ट लॅम्प खाली ठेवला. पिवळा कपलर एअरबॅगचा असतो, हे गॅरेजमध्ये नुकत्याच कामाला लागलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. आपल्या सीटच्या पाठीच्या कडेला एअरबॅग आहे आणि तिचा स्फोटक भाग पेटायला एक-दीड अँपिअर करंट पुरतो. त्या वेळी मी सीटवर बसलेलो होतो आणि एअरबॅग माझ्या बरगडीपासून वीतभर अंतरावर होती. हे मी त्या गृहस्थांना सांगितले, तेव्हा त्यांनी ‘तुमच्या मेकॅनिकला विचारा’ म्हणून फोन ठेवला. मणक्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला आपल्या कंपनीचा अधिकृत सल्ला हा होता. आपल्या माहितीपत्रकात पिवळ्या कपलरविषयी एक ओळही नाही, आणि हाच सल्ला आपण आजवर आणखी कोणाकोणाला दिला असेल, या विचाराने मला खरोखर भीती वाटते.

तारेविषयीही लिहिणे भाग आहे. पेटीत आलेली तार दीड चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्यासोबत फ्यूज दिला आहे 30 अँपिअरचा. मोटर अडकून जास्त करंट ओढत राहिली, तर असा फ्यूज उडण्याआधी तार धोकादायक तापू शकते. आम्ही ती तार वापरली नाही. सहा चौरस मिलिमीटरची नवी तार विकत आणली आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवला.

सीट गाडीच्या तळाला जोडणारा ब्रॅकेट ‘कोणतीही काटछाट न करता बसतो’ अशी आपली जाहिरात आहे. प्रत्यक्षात या सीटचे पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळ्या उंचीचे आहेत, कारण ती ज्या कारसाठी बनली त्या कारचा तळ सपाट नाही. माझ्या पिकअपचा तळ सपाट आहे आणि ब्रॅकेट चारही बाजूंनी सारख्या उंचीचा आहे, त्यामुळे सीट मागे कलंडलेली बसली. फॅब्रिकेटरकडून नवे ब्रॅकेट करून घ्यावे लागले. सोबतच्या बोल्टच्या डोक्यावर 4.8 हा मजबुतीचा आकडा आहे, जिथे 8.8 असायला हवा, म्हणजे ताण सोसण्याची ताकद निम्मी. या सीटचे बेल्टचे बक्कल सीटलाच जोडलेले आहे. गाडी धडकली तर माणसाचा सगळा भार त्या चार बोल्टवर आणि खालच्या पत्र्यावर येणार, तरीही पत्र्याखाली लावायच्या जाड पट्ट्यासुद्धा पेटीत नव्हत्या. त्या मी करून घेतल्या. बोल्टही बदलले.

आणि एवढे झाल्यावर आपला मेल येतो की ‘गाडीत बदल केल्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ जी सीट जुन्या गाडीत बदल करण्यासाठीच विकली जाते, ती बसवल्याने वॉरंटी कशी जाते, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे. फक्त 12 व्होल्ट आणि अर्थ द्या असे आपणच लिहून दिले होते.

शेजारच्या बागायतदारांच्या जीपमध्ये आपल्याच साध्या बकेट सीट आहेत. वर्षानुवर्षे शेतरस्त्यावर चालूनही त्यांची एक शिवण उसवलेली नाही, आणि त्या पाहूनच मी आपल्याकडे आलो होतो. अशा सीट बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकाला गाडी बदलायला सांगावे, याचे मला फार वाईट वाटले.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत दोन्ही सीटची पूर्ण किंमत, वाहतुकीचा खर्च आणि ब्रॅकेट, बोल्ट व तारेचा खर्च मला परत करावा आणि सीट आपल्या खर्चाने घेऊन जाव्यात. तसेच या सीट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला पिवळ्या कपलरविषयी लेखी सूचना पाठवावी. ही दुसरी मागणी पैसे मिळाले तरी मी सोडणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे आपल्या शहराचे न्यायक्षेत्र लिहिलेली बिलावरील ओळ मला दाखवू नये.

बिल, आपल्या विक्री विभागाचे मेल, बोल्टच्या डोक्याचे फोटो आणि मोटर थेट करंटवर चालतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक
तासगाव, जि. सांगली