चिमणीला तांदूळ टाकले आणि बोलणी खाल्ली

प्रति,
संपादक, वाचकांचा पत्रव्यवहार

सप्रेम नमस्कार,

मार्चमध्ये चिमणी दिनाच्या आसपास तुमच्या रविवार पुरवणीत बाल्कनीत लावायच्या लाकडी घरट्यांचे फोटो आले होते, लाल-पिवळे रंगवलेले, भोकाखाली पक्ष्याला बसायला छोटी दांडी वगैरे. लेख छान होता, पण घरटं लावून झाल्यावर पुढे काय करायचं याची एक ओळ त्यात नव्हती. तेव्हा मलाही त्यातलं काही कळत नव्हतं. आता तीन महिने एका घरट्यासमोर बसून काढल्यावर थोडंफार कळायला लागलंय, म्हणून उशिरा का होईना लिहितेय.

मी फेब्रुवारीपासून लेकीकडे आहे, अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात. मागच्या अंगणात लोखंडी पाइपवर एक लाकडी पेटी आहे, साधारण माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, ना रंग ना नक्षी. पुढे बरोब्बर दीड इंचाचं गोल भोक, खाली दांडी नाही, आणि एका बाजूची फळी दारासारखी उघडते. पाइपला मध्यावर पत्र्याचं जाड नळकांडं अडकवलंय, मला आधी वाटलं जावयाने धुराड्याचा उरलेला तुकडा तिथे टांगून ठेवलाय. नंतर कळलं की साप आणि रॅकून (अंडी-पिल्लं खाणारा इथला मांजराएवढा प्राणी) वर चढू नयेत म्हणून ते असतं. ही पेटी ब्लूबर्डसाठी. निळा पक्षी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर आपला खंड्या आला होता पण हा वेगळाच, आपल्या नारिंगी कस्तुराच्या घराण्यातला, चिमणीहून थोडा मोठा, नराची पाठ गडद निळी, छाती विटकरी, पोट पांढरं. मादी तीच पण चार धुण्यांनंतरची. गंमत म्हणजे त्या पिसांत निळा रंग नसतोच म्हणे, पिसाची रचनाच अशी की उजेड पडला की निळं दिसतं. ढगाळ दिवशी नर बराच मळकट दिसतो हे मी स्वतः पाहिलंय.

या पक्ष्याला ढोलीच लागते पण चोचीने ढोली पाडता येत नाही, सुतार पक्ष्याने सोडलेल्या ढोलीत राहायचं, म्हणजे कायमचा भाडेकरू. वाळलेली झाडं तोडली गेली, ढोल्या कमी झाल्या, आणि उरलेल्यांत बाहेरून आणलेले दोन पक्षी घुसले. त्यातला एक स्टार्लिंग, आपल्या साळुंकीचा नातेवाईक, १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेला. दीड इंचाच्या भोकातून तो आत जाऊ शकत नाही, म्हणून तर ते माप. दुसरा पक्षी मात्र आरामात जातो, आणि माझी फजिती झाली ती त्याच्यामुळेच.

झालं असं की मार्चअखेर मादी वाळलेलं गवत, पाइनच्या सुया आणून आत वाटी विणत होती आणि एका सकाळी पेटीवर चक्क आपली चिमणी! नर होता, गळ्याला काळा डाग, तोच चिवचिवाट. परदेशात कोणी गाववाला भेटल्यासारखं झालं मला. एक घास काऊचा एक घास चिऊचा म्हणत दोन पोरं वाढवली आहेत मी, तेव्हा लगेच मूठभर तांदूळ नेऊन डेकवर टाकले. दुसऱ्या दिवशी सहा आल्या, मग अकरा. चौथ्या दिवशी शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. ऐंशीच्या घरातले आहेत, रस्त्याकडेला आणि शाळेच्या मैदानालगत त्यांच्या स्वतःच्या बऱ्याच पेट्या आहेत आणि दर आठवड्याला वही घेऊन फिरतात. अत्यंत सभ्य माणूस, पण त्या दिवशी चेहरा पडला होता. लेकीला म्हणाले, तुमच्या आई जे करतायत त्याने ही जोडी मरेल.

मला रागच आला खरं तर. चिमणीने कोणाचं काय वाकडं केलंय? मग त्यांनी सांगितलं. ही चिमणी इथली नाहीच, १८५० च्या सुमाराला इंग्लंडहून ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली. पेटीची जागा तिला हवी असली की आत शिरून अंड्यांवर बसलेल्या ब्लूबर्डच्या डोक्यावर चोची मारते, मादीला बाहेर पळायला वाट नसते, आणि तिला मारून तिच्यावरच स्वतःचं घरटं रचते. त्यांनी अशा पेट्या स्वतः उघडून पाहिल्यात. इथल्या कायद्यात ब्लूबर्डला संरक्षण आहे, चिमणीला नाही, त्यामुळे ते चिमणीचं घरटं सरळ काढून टाकतात. मला त्या रात्री झोप लागली नाही. जिच्यासाठी आपण घरी हळहळतो, दिवस साजरा करतो, ती इथे खलनायिका. चिऊताई दार उघड म्हणायची सोय नाही, चिऊताईच दार फोडतेय.

तांदूळ बंद केले. झाडून घेतले, एक-एक दाणा वेचला. पहिलं अंडं पडल्यावर गृहस्थांनी येऊन पेटीच्या वर दोन काठ्यांना चमकीच्या पट्ट्या लटकवल्या, वाऱ्यावर सळसळणाऱ्या, दाराला तोरण बांधल्यासारख्या. त्याला चिमणी बिचकते, ब्लूबर्ड मात्र दोन तासांत सरावतो कारण आत त्याची अंडी असतात. अंडी आधी, चमकी नंतर, हा क्रम चुकला तर ब्लूबर्डही पळून जातो म्हणे. पट्ट्या लागल्या आणि चिमण्या तीन-चार दिवस कुंपणावर बसून बघत राहिल्या, मग गेल्या.

९ एप्रिलपासून रोज सकाळी एक अशी पाच अंडी, फिक्कट निळी. पाचवं पडेपर्यंत मादी धड बसलीच नाही, मला वाटलं आळशी आहे. तसं नव्हतं, सगळी पिल्लं एकदम निघावीत म्हणून ती शेवटच्या अंड्यानंतर उबवायला बसते. जावयाने पेटीच्या छताला आतून छोटा कॅमेरा बसवलाय, तो टीव्हीवर दिसतो, त्यामुळे आमच्या मालिका बंद.

२६ तारखेला सकाळी सहाच्या सुमाराला ती उठून उभी राहिली आणि मान वाकवून पोटाखाली बघत बसली. एका अंड्याच्या जाड टोकाकडे बारीक चीर, गोल फिरत गेलेली, डबीच्या झाकणासारखी. ती चीर थोडी रुंदावायची, थांबायची, परत रुंदावायची, मी हातात चहा घेऊन उभी, चहाची साय जमली. मग झाकण बाजूला सरकलं आणि आतून एक ओलं, गुलाबी काहीतरी उलगडलं. डोळे मिटलेले, डोक्यावर राखाडी लव चार ठिकाणी चिकटलेली, वजन असेल दोन-तीन ग्रॅम, शेंगदाण्याच्या शेंगेएवढं. आईने काय करावं, तर टरफलाचं अर्धं तिथेच खाऊन टाकलं आणि अर्धं चोचीत धरून बाहेर. पाच मिनिटांत त्या शेंगेने मान वर करून तोंड उघडलं. मान लटपटतेय, डोळ्यांना दिसत नाही, पण तोंड उघडं. दुपारपर्यंत चार निघाली. पाचवं अंडं तसंच राहिलं.

पहिले पाच-सहा दिवस पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही, आई वर बसते आणि बाप बाहेरून अळ्या, कोळी आणून तिच्या चोचीत देतो, ती चेपून मऊ करून भरवते. पिल्लांची शी पांढऱ्या पिशवीत बंद होऊन येते, आईबाप ती उचलून लांब नेऊन टाकतात, डायपरवाल्यांनी पाहावं असं. आठव्या-नवव्या दिवशी डोळे पुरते उघडले. पंखांवर आधी नुसत्या काळ्या नळ्या होत्या, बोरूसारख्या, त्यांची टोकं फुटून पिसं निघाली आणि बाराव्या दिवशी दोघांच्या पंखांत झळझळीत निळं दिसलं, दोघींच्या मळकं. म्हणजे दोन मुलगे दोन मुली. नातू म्हणाला, "आजी, नावं ठेवूया." मी नको म्हटलं. ठेवली असती तर पुढचं अवघड गेलं असतं. त्याच दिवसांत मी एका सकाळी सात ते आठ वहीत रेघा मारल्या, आईबापांच्या मिळून १७ खेपा झाल्या, त्यात एक नाकतोडा एवढा मोठा की पिल्लाच्या तोंडातून तंगडी बाहेर लोंबत होती आणि ते तसंच डोळे मिटून बसलं.

आठवड्यातून एकदा गृहस्थ येऊन पेटीवर टिचकी मारायचे, मादी उडाली की फळी उघडून बघायचे, मुंग्या आहेत का, घरटं ओलं आहे का. आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं ना की माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते, ते खरं नाही. ती कुंपणावर बसून बघायची आणि दार लागलं की परत आत. पण बाराव्या-तेराव्या दिवसानंतर उघडायचं नाही, नाहीतर पिल्लं घाबरून पंख तयार व्हायच्या आत बाहेर उड्या टाकतात.

१४ मेला पिल्लं उडून गेली. बाप समोरच्या झाडावर अळी धरून बसला, आत येईना, नुसता हाका मारत राहिला. भोकातून एक डोकं बाहेर यायचं, मागच्याचा धक्का बसायचा, परत आत. साडेआठला पहिलं उडालं ते धडपडत थेट ओकच्या फांदीवर, आणि अकरापर्यंत पेटी रिकामी. छातीवर ठिपके ठिपके, शेपूट अर्धवट. पेटीत ती परत येत नाहीत. नंतर तीनच दिसली आम्हाला, चौथ्याचं काय झालं कळलं नाही, शेजारचं मांजर त्या दिवशी बाहेर होतं एवढंच सांगते.

पेटी साफ करताना ते न उबलेलं अंडं निघालं. नातवाला शाळेत दाखवायला हवं होतं, गृहस्थ म्हणाले नाही चालणार, १९१८ चा कायदा आहे, अशा पक्ष्याचं पीससुद्धा घरात ठेवायचं नाही. अंडं झुडपात ठेवून आलो.

तर संपादक महोदय, घरट्यांचे फोटो पुढच्या वेळी जरूर छापा, पण दांडीवाली दाखवू नका. ढोलीत राहणाऱ्याला दांडी लागत नाही, ती उपयोगी पडते पिल्लं खायला येणाऱ्याला. आणि सोबत हेही छापा की एक बाजू उघडणारी हवी, तळाला पाणी निथळायला भोकं हवीत, एक वीण झाली की जुनं घरटं काढायला हवं, आणि आठवड्यातून एकदा बघायला माणूस हवा. मला माझ्या बिल्डिंगमधली तीन घरटी आठवतात, गेल्या वर्षी वाजतगाजत लावलेली. त्यांच्यात कोणी राहिलं की नाही हे सांगणारा माणूस सापडणार नाही, मीही त्यातलीच. गेल्यावर पहिल्यांदा त्यांना एका बाजूने बिजागरी लावून घेणार आहे. चिमणी तिथे आपली आहे, तिला तिथे तांदूळ टाकायला कोणी अडवणार नाही.

इथे मादीने त्याच पेटीत परत घरटं केलंय. काल सकाळी चौथं अंडं पडलं, चमकी परत बांधली, बाप अजून आधीच्या तिघांना भरवतोय. आमचं विमान १२ तारखेचं, म्हणजे ही फुटायच्या आतच आम्ही निघालेलो असू. रेघांची वही नातवाकडे दिलीय, त्याने पहिल्या पानावर "आजीचं अक्षर वाचता येत नाही" असं लिहून ठेवलंय.

आपली,
एक नियमित वाचक