ओढ्याच्या तोंडाशी भेटलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितोय. तीन हजार मीटर उंचीवरचा तो जलाशय, भर दुपार, आणि धरणाच्या भिंतीजवळ स्पिनर, म्हणजे गळ लावलेलं फिरतं चमकतं आमिष, फेकून फेकून हात भरून आलेला मी. सकाळपासून एकही ट्राउट मासा गळाला लागला नव्हता.

तुम्ही मला ओढा जलाशयाला मिळतो तिथे नेलंत आणि पाण्यात हात घालायला सांगितलंत. बोटं बधिर झाली. वीस पावलं अलीकडे, उथळ काठाशी, तेच पाणी कोमट होतं. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं, विशीच्या वर गेलं की त्याचा जीव घुसमटतो, हे मी वाचलं होतं. पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, त्यात एवढ्या उंचीवर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के, मग मासा खळाळत्या गार पाण्याकडे नाही जाणार तर कुठे जाणार? हे कोडं तुम्ही उलगडलंत तेव्हा सुटलं.

तिसऱ्या फेकीला मासा लागला. मी तो कोरड्या हातांनी उचलून खडकावर ठेवणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. आधी हात ओले कर, म्हणालात. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत, तो निघाला की रोग शिरतो. काकडलेल्या बोटांनी मला गळ निघेना. तुम्ही पकडीने तो अलगद काढलात, आणि गळाचा उलटा काटा तिथल्या तिथे चेपून दिलात.

मग मासा पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, तळहातावर नुसता तोलून धरायला लावलात. कल्ले उघडत होते, मिटत होते. कडेची गुलाबी पट्टी ओल्या उन्हात चमकत होती. मला सोडायची घाई झाली होती; तुम्ही म्हणालात, “तू सोडू नकोस, त्याला जाऊ दे.” थोड्या वेळाने शेपटीचा एक फटका मनगटाला बसला आणि हात रिकामा झाला.

तो फटका मला अजून जाणवतो, काका. मनापासून आभार.

काटा चेपलेला तो स्पिनर मी जपून ठेवलाय. पुन्हा तिकडे आलात तर मी ओढ्याच्या तोंडाशीच भेटेन, पाण्यावर ऊन यायच्या आत.

तुमचा,
त्या दुपारचा विद्यार्थी